जोत्याची उंची आणि कॅमेऱ्याची उंची : वडोदरा महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, तसेच मा. महापौर, स्थायी समितीचे मा. अध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
वडोदरा महानगरपालिका,
खंडेराव मार्केट, वडोदरा.

विषय : नकाशासाठी होणारं रस्त्यांचं छायाचित्रण, त्यातली कॅमेऱ्याची उंची, माणसं झाकण्याची पद्धत आणि रहिवाशांना पूर्वसूचना.

सविनय नमस्कार.

छपरावर कॅमेऱ्यांचा गोळा लावलेल्या गाड्या आपल्या शहरातून फिरतात, चहूबाजूंचं चित्र टिपतात आणि ते चित्र नकाशावर चढतं. जगात कुठेही बसलेल्या माणसाला मग आपल्या रस्त्यावर उभं राहून डावी-उजवीकडे पाहता येतं. या छायाचित्रणाला माझा पाठिंबा आहे. ते व्हावं, आणि एकदा होऊन थांबू नये. पण ज्या उंचीवरून ते होतं ती उंची आपल्या जुन्या घरांना झेपणारी नाही, आणि चित्रातली माणसं ज्या रीतीने झाकली जातात ती रीत पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट घरांच्या अरुंद गल्लीत, आणि वाड्यात अपुरी पडते. दोन्ही गोष्टी सुधारता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी सेवासदनाने, म्हणजे महानगरपालिकेने, पुढाकार घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

पत्राची गुजराती प्रत आवक विभागात रीतसर देते आहे. मराठीत लिहिते ते दांडिया बाजार, रावपुरा, बाजवाडा इथल्या माझ्या माणसांनी ते वाचावं आणि त्यावर बोलावं म्हणून.

मी वास्तुरचनाकार आहे. जुन्या घरांची मापं घेणं, नकाशे काढणं, कुठली तुळई बदलावी लागेल आणि कुठली टेकूवर तगेल हे मालकाला सांगणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही रस्त्यावरची चित्रं मी जवळजवळ रोज उघडते. माझा पाठिंबा त्या वापरातून आलेला आहे, आणि काळजीसुद्धा.

२७ जुलै २०२२ रोजी गूगलने भारतातल्या दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशावर रस्त्याची अशी चित्रं दाखवण्याची सेवा, सुरू केलं. बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, मुंबई, हैदराबाद, पुणे, नाशिक, अहमदनगर, अमृतसर आणि आपलं वडोदरा. अहमदाबाद आणि सुरत त्या यादीत नव्हतं, आपण होतो. त्याआधी २०११ मध्ये बंगळुरूत गाड्या फिरू लागल्या तेव्हा पोलिसांनी काम थांबवलं होतं, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली होती. वाट मोकळी झाली ती १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या त्या सूचनांप्रमाणे असं रस्त्यावरचं सर्वेक्षण भारतीय कंपन्यांनीच करायचं आणि परदेशी कंपनीने त्यांच्याकडून चित्रं परवान्याने वापरायची. म्हणून गूगलबरोबर जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा आल्या. त्याच सुमारास मॅपमायइंडियानेही स्वतःची अशीच सेवा आणली. शिवाय मॅपिलरीसारख्या ठिकाणी कुणीही आपल्या मोबाइलने काढलेली चित्रं चढवू शकतो. म्हणजे गोष्ट एका कंपनीची राहिलेली नाही, आणि पुढेही राहणार नाही.

या सूचनांनी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली आहे, हे मला माहीत आहे. गाडी आणणाऱ्याला आपल्याकडे यावं लागत नाही. तरीही मी आपल्यालाच लिहिते आहे, कारण रस्ते आपल्या ताब्यात आहेत, अशा सर्वेक्षणांचं मोठं गिऱ्हाईक महानगरपालिकाच असते, आणि पोळीतल्या माणसाला कंपनीचं दार सापडत नाही, वॉर्ड ऑफिसचं सापडतं.

आधी फायद्याचं बोलते, कारण विरोधाच्या भरात ते विसरलं जातं.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा, त्यातली भिंतीवरची चित्रं, हे सगळं पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्यामुळे त्याची नोंद झाली, मापं झाली, फोटो निघाले. पण त्याच परिसरात अशी कितीतरी घरं आहेत ज्यांना कसलंही संरक्षण नाही. मालक पुण्याला, मुलं परदेशी, भाडेकरूचं भाडं नाममात्र. एक पावसाळा असा येतो की मागची भिंत बसते, आणि दिवाळीपर्यंत तिथे पत्रे ठोकलेले असतात. त्या घराचा दर्शनी भाग कसा होता, सज्जाखालची कोरीव लाकडं कशी होती, ओट्याला किती पायऱ्या होत्या, हे सांगणारा एकही कागद कुणाकडे नसतो. अशा वेळी नकाशावरचं चित्र हाच एकमेव पुरावा उरतो. गेल्या काही वर्षांत पडलेल्या घरांचे दर्शनी भाग मी या चित्रांवरून काढले आहेत. दाराची उंची साधारण माहीत असते, तिच्या मापाने बाकीचं काढता येतं. ही चित्रं नसती तर ती घरं माझ्यापुरती तरी नाहीशीच झाली असती. जुन्या फेरीतली चित्रं मागे जाऊन पाहायची सोय गूगलने २०१४ पासून दिली आहे; आपल्या शहरात जसजशा फेऱ्या वाढतील तसतशी शहराची वर्षावर्षाची नोंद आपोआप तयार होत जाईल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्या शहराला अशी नोंद मोलाची वाटायला हवी.

दुसरा फायदा पुराचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा काय झालं ते आपण सर्वांनी सोसलं आहे. पाणी ओसरल्यावर लोक दारावरची ओली रेघ दाखवून सांगत होते, इथवर होतं. पण इथवर म्हणजे रस्त्यापासून किती, हे सांगायला जोत्याची, म्हणजे घर ज्या चौथऱ्यावर उभं असतं त्याची, उंची माहीत हवी. गल्लीतल्या पन्नास घरांची जोती टेप घेऊन मोजायला वेळ जातो. चित्रावरून पायऱ्या मोजल्या की बऱ्यापैकी अंदाज येतो. कुठे रस्ता दरवर्षी डांबराचे थर चढून घराच्या उंबऱ्याला आला आहे, कुठे गटाराचं तोंड दुकानाच्या फळीखाली गेलं आहे, हेही दिसतं. आपल्या अभियंत्यांनी ही चित्रं उघडून बसावं, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा फायदा साध्या माणसाचा, आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. माझ्या मावशी वॉकर घेऊन चालतात. कुणाचं लग्न असलं, मुंज असली, की त्या मला फोन करून विचारतात, त्या कार्यालयाला पायऱ्या किती आहेत गं, कठडा आहे का. मी चित्र उघडून सांगते. पूर्वी त्या गेल्यावर कळायचं, आणि चारचौघांनी खुर्चीसकट उचलून नेण्यापेक्षा न जाणं बरं म्हणून त्या घरी बसायच्या. नव्या डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर आहे की जिन्याने वर, रिक्षा दारापर्यंत जाते की नाक्यावर सोडते, हे आधी कळणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडायची मुभा मिळणं. पोळीतल्या पोळीत घरक्रमांकांचा मेळ नसतो, तिथे रुग्णवाहिकेलाही असं चित्र उपयोगी पडतं. न्यू जर्सीतल्या नातवाला आजोबांचं दार दाखवणं वगैरे आहेच.

आता काळजीचं. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा मुद्दा मापाचा आहे आणि मापाशिवाय तो पटत नाही.

दांडिया बाजारातल्या नेहमीच्या घराचं उदाहरण घ्या. जोतं रस्त्यापासून साधारण तीन फूट वर. आतल्या जमिनीपासून खिडकीचा खालचा काठ अडीच फुटांवर. म्हणजे रस्त्यापासून खिडकी सुरू होते साडेपाच फुटांवर. रस्त्याने चालणाऱ्या माणसाचे डोळे पाच-सव्वापाच फुटांवर असतात. त्याला खिडकीतून आतलं छत दिसेल, पंखा दिसेल, पलंगावरचं माणूस दिसणार नाही. शिवाय आपल्या घरांत खिडकीला खालच्या बाजूला दोन फुटांचा अर्धा पडदा असतो. वरून उजेड आणि वारा येतो, खालून आडोसा राहतो. त्या पडद्याचा वरचा काठ रस्त्यापासून साडेसात फुटांवर येतो. हे कुणी नकाशावर आकडे टाकून ठरवलेलं नव्हतं. सुतार-गवंड्यांच्या पिढ्यांनी रस्त्याने जाणाऱ्याची नजर कुठवर जाते ते पाहून ठरवलेलं आहे. खिडकी दिवसभर उघडी ठेवून घरात पदर सैल सोडून बसता येतं ते या मापामुळे.

२००९ साली जपानमध्ये हाच प्रश्न आला. तिथल्या गल्ल्या अरुंद, कुंपणं बुटकी, आणि गाडीवरच्या कॅमेऱ्याला कुंपणापलीकडचं अंगण दिसत होतं. लोकांनी हरकत घेतली. गूगलने कॅमेरा २.४५ मीटरवरून २.०५ मीटरवर आणला, म्हणजे ४० सेंटिमीटर खाली, आणि आधी घेतलेली चित्रं पुन्हा घ्यायचं कबूल केलं. आता हे आकडे आपल्या खिडकीला लावून पाहा. २.४५ मीटर म्हणजे आठ फूट. साडेसात फुटांवर संपणाऱ्या पडद्याच्या वरून कॅमेरा सरळ खोलीत पाहतो. २.०५ मीटर म्हणजे पावणेसात फूट. पडदा आड येतो. त्या ४० सेंटिमीटरांत दांडिया बाजारातल्या तळमजल्यावरच्या बहुतेक खोल्यांची अब्रू आहे.

जिथे गाडी जात नाही तिथे पाठीवर कॅमेरा बांधून माणूस चालत जातो, आणि तो कॅमेराही डोक्याच्या वर असतो. पोळीत तर समोरासमोरच्या घरांत आठ-दहा फुटांचं अंतर. वाड्याचा दिंडीदरवाजा दिवसभर उघडा. आत चौक, चौकात नळ, दोरीवर कपडे, कुणी केस वाळवत बसलेलं. रस्त्याने जाणारा ओळखीचा असला तर तो चौकातून हाक मारतो, अनोळखी असला तर नजर वळवून जातो. कॅमेऱ्याला नजर वळवता येत नाही, म्हणून त्याची उंची आधीच ठरवून द्यावी लागते.

स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नेमकं हेच ठरवून दिलं. भिंती-कुंपणांनी आडोसा केलेल्या बागा आणि अंगणं, रस्त्याने चालणाऱ्याला जी दिसली नसती ती, दोन मीटरपेक्षा उंच कॅमेऱ्याने टिपून मालकाच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायची नाहीत. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम, महिलांची आश्रयगृहं, न्यायालयं, तुरुंग अशा जागांसमोर नुसता चेहरा झाकून भागणार नाही. कपडे, त्वचेचा रंग, अपंग माणसाची साधनं, ज्यावरून ओळख पटू शकते ते सगळं झाकलं पाहिजे.

असं का, ते आपल्या पोळीतल्या कुठल्याही बाईला विचारा. माझ्या वॉकरवाल्या मावशी एका चित्रात ओट्यावर बसलेल्या दिसतात. चेहरा व्यवस्थित ब्लर केलेला आहे. शेजारी वॉकर, त्याच्या दांड्याला बांधलेली निळी कापडी पिशवी, अंगावर रोजची नऊवारी. मागे दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावरचं आडनाव स्पष्ट वाचता येतं, आणि तिच्याखाली मुलीने लावलेला शिकवणीचा छोटा फलक, मोबाइल नंबरासकट. चेहरा सोडून बाईंचं सगळं तिथे आहे. एकट्या राहणाऱ्या, चालायला त्रास असलेल्या बाई दुपारी दार उघडं टाकून बसतात, हे त्या चित्रावरून कुणालाही कळेल.

यंत्र चेहरा आणि गाडीची नंबरप्लेट शोधतं, कारण त्याला तेवढंच शोधायला शिकवलेलं आहे. पाटी शोधत नाही, वॉकर शोधत नाही. चेहरेही सगळे सापडतात असं नाही. गूगलच्याच संशोधकांनी २००९ च्या आपल्या निबंधात ८९ टक्क्यांहून अधिक चेहरे पुरेसे झाकले जातात असं लिहिलं होतं. तंत्र नंतर सुधारलं असेल, पण शंभरात अगदी दोन चेहरे सुटले तरी मांडवीच्या एका संध्याकाळच्या गर्दीत ते किती होतील?

आणखी एक उदाहरण देते, नाव-गाव न सांगता. माझ्या ओळखीची एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून बहिणीच्या घरी राहायला आली आहे. पत्ता कुणाला देत नाही. तिच्या स्कूटीच्या पुढच्या भागावर मुलाने चिकटवलेली चित्रं आहेत आणि सीटला तिने स्वतः शिवलेलं खोळ आहे. नकाशावरच्या एका चित्रात ती स्कूटी बहिणीच्या दाराशी उभी होती. नंबरप्लेट ब्लर होती. ज्याने ती स्कूटी पाच वर्षं रोज पाहिली त्याला नंबरप्लेटची गरज नसते. हे लक्षात आल्यावर आम्ही नकाशा चालवणाऱ्या कंपनीकडे ते घर झाकण्याची विनंती केली. अर्ज इंग्रजीत, चित्रावर चौकोन ओढून कारण लिहायचं, मग वाट पाहायची. ते झालं. पण ती बाई स्वतःच्या बळावर तो अर्ज करू शकली नसती, आणि अशी सोय आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

या सगळ्यावर एक उत्तर हमखास येतं : रस्त्यावरून जे दिसतंच त्याचा फोटो काढला तर बिघडलं कुठे? हा युक्तिवाद मला मान्य नाही. रस्त्याने जाणाऱ्याला मी दिसते तेव्हा तोही मला दिसतो. तो थांबला, टक लावून पाहू लागला, तर मी विचारू शकते, काय पाहिजे. त्याने पाहिलेलं दुसऱ्या दिवशी त्यालाही नीट आठवत नाही. नकाशावरचं चित्र मात्र वर्षानुवर्षं राहतं, हवं तेवढं जवळ आणता येतं, आणि ते कोण पाहतंय हे मला कधीच कळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून तो हक्क संपत नाही, असंही त्या निकालात म्हटलं आहे. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायद्याची भाषा आपल्या बाजूची आहे, पण कायदा पोळीत आपोआप चालत येत नाही.

दुसरीकडे, सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांच्याही मी बरोबर नाही. जर्मनीत २०१० मध्ये वीस शहरांची चित्रं आली तेव्हा सुमारे २,४४,००० कुटुंबांनी आपलं घर झाकायला सांगितलं. त्यांचा तो हक्क होता. पण वाद इतका पेटला की पुढची बारा-तेरा वर्षं तिथली चित्रं नवी झालीच नाहीत, आणि २०२३ मध्ये नव्याने चित्रण झालं तेव्हा जुन्या हरकती पुन्हा नोंदवाव्या लागल्या. म्हणजे शहराची नोंदही खुंटली आणि लोकांचा त्रासही संपला नाही. आपल्याकडे असं झालं तर पडणाऱ्या घरांची शेवटची चित्रंही मिळणार नाहीत. घर कायमचं झाकलं गेलं की त्याचा दर्शनी भागही कायमचा जातो. म्हणून मला वाटतं की आधी उंची आणि ओट्यावरची माणसं यांची नीट काळजी घ्यावी, म्हणजे अख्खी घरं झाकायला सांगायची वेळ थोड्यांवर येईल.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी उंचीची आहे. महानगरपालिकेने सर्वसाधारण सभेत ठराव करावा की चार दरवाजांच्या आतलं शहर, रावपुरा, दांडिया बाजार आणि वाडी या जुन्या वस्तीत रस्त्यावरचं छायाचित्रण जमिनीपासून दोन मीटरच्या खालून व्हावं. हा ठराव कंपन्यांवर बंधनकारक नसेल, हे मी समजून आहे. पण ज्या सर्वेक्षणाचं कंत्राट आपण स्वतः देता त्यात तो अट म्हणून घालता येतो, आणि बाहेरच्या कंपन्यांना तो लेखी कळवता येतो. जपानमध्ये कॅमेरा खाली आला तो लोकांच्या हरकतींमुळेच. इथे तर एक अख्खं शहर मापं दाखवून सांगत असेल.

आपल्या स्वतःच्या सर्वेक्षणांबद्दल वेगळं सांगायला हवं. महानगरपालिका घरवेऱ्यासाठी म्हणजे घरपट्टीसाठी, दबाणं म्हणजे अतिक्रमणं शोधण्यासाठी, दिव्यांचे खांब मोजण्यासाठी अशी चित्रं घेऊ शकते, आणि घ्यावीतही. फक्त कशासाठी घेतो आहोत ते आधी सांगा. नकाशासाठी म्हणून घेतलेल्या चित्रावरून उद्या कुणाच्या ओट्याला नोटीस लागली तर पुढच्या वेळी लोक गाडी पोळीत शिरू देणार नाहीत, आणि त्यांची चूक असणार नाही. मूळ, न झाकलेली चित्रं कुणाकडे राहतात, किती काळ राहतात, कंत्राट संपल्यावर ती पुसली जातात का, हे करारात लिहिलेलं असावं आणि तो करार आपल्या संकेतस्थळावर असावा. गाडीवर कॅमेऱ्याखेरीज दुसरं काय बसवलेलं आहे तेही. २०१० मध्ये गूगलने स्वतः कबूल केलं की त्यांच्या गाड्या रस्त्याने जाताना घराघरांतल्या उघड्या वायफायवरून जाणारी माहितीही टिपत होत्या. रस्त्यावर उभं राहून गाडीकडे पाहणाऱ्या कुणालाही ते कळणं शक्य नव्हतं. तेव्हा यादी मागायचं काम आपलं.

पूर्वसूचना द्या. कचऱ्याच्या गाडीवर ध्वनिक्षेपक असतो, वर्तमानपत्रांत पाणीकापाची सूचना येते. तशीच येत्या आठवड्यात या वॉर्डात छायाचित्रण आहे एवढं कळलं तरी बाया दोरीवरचे कपडे आत घेतील, दार लोटतील, शिकवणीचा फलक काढून ठेवतील. आणि ज्यांना आपला वाडा दिसावा असं वाटतं ते ओटा झाडून ठेवतील. तेही होईल, मला आपले लोक माहीत आहेत.

वॉर्ड ऑफिसात एक टेबल हवं, जिथे माणूस गुजरातीत, मराठीत, हिंदीत तोंडी सांगेल आणि कर्मचारी त्याच्या वतीने घर, पाटी किंवा माणूस झाकण्याचा अर्ज योग्य त्या कंपनीकडे भरेल. २०२३ च्या कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे. गुजराती आणि मराठी दोन्ही तिच्यात आहेत. मग झाकण्याची विनंती तेवढी इंग्रजीतच का करावी लागावी? सेवासदनाने वर्षभराचे असे अर्ज एकत्र मोजून कंपन्यांना दाखवले तर पाट्या आणि फलक झाकायला यंत्राला शिकवणं त्यांनाही भाग पडेल.

महिलांची आश्रयगृहं, मुलींची वसतिगृहं, प्रसूतिगृहांचे दरवाजे, बालगृहं यांची यादी महानगरपालिकेने आपल्याकडे ठेवावी आणि ती प्रसिद्ध न करता कंपन्यांना देऊन तिथलं चित्र पूर्ण झाकून घ्यावं. इथे रहिवाशांच्या अर्जाची वाट पाहू नये. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे त्याच अर्ज करायच्या स्थितीत नसतात.

आणि एक माझ्या कामातलं. महानगरपालिकेच्या पैशाने घेतलेली, नीट झाकलेली चित्रं दर फेरीनंतर जपून ठेवा आणि विद्यार्थ्यांना, अभ्यासकांना पाहू द्या. सयाजीराव विद्यापीठातली वास्तुकलेची मुलं त्यावर वर्षानुवर्षं काम करतील. पूरनियंत्रणाच्या कामालाही ती लागतील.

हा ठराव करण्याआधी खात्री करून घ्यायची असेल तर एक प्रायोगिक फेरी घ्यावी. दांडिया बाजारातली एक गल्ली आणि मांडवीजवळची एक पोळ, दोन्ही ठिकाणी कॅमेरा एकदा आठ फुटांवर आणि एकदा दोन मीटरच्या खाली, साडेसहा फुटांवर ठेवून चित्रं घ्यावीत आणि रहिवाशांबरोबर बसून ती पाहावीत. तिथल्या घरांच्या जोत्यांची आणि खिडक्यांची मापं माझ्याकडे काढलेली आहेत, ती मी विनामूल्य देईन. गल्लीतल्या लोकांची संमती घेण्याचं काम आम्ही रहिवासी करू. आपल्याकडून नगररचना विभागाचा एक अधिकारी आणि वॉर्डाचे नगरसेवक आले तर पावसाळ्याआधी हे काम सहज होईल.

तारीख कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
दांडिया बाजारातली एक रहिवासी आणि वास्तुरचनाकार